जुन्या फियाट-पद्मिनीचा डॅशबोर्ड रंगवताना शेड कशी जुळवायची

डॅशबोर्डचा वरचा भाग बघून शेड ठरवू नका, इतक्या वर्षांच्या उन्हाने तो उडालेला असतो. खरा रंग बघायचा तर ग्लोव्ह बॉक्स उघडून आतली कड बघा, अ‍ॅशट्रे काढा, नाहीतर दरवाजाचं पॅड काढून त्याच्यामागचा पत्रा बघा, तिथे ऊन कधी पोचलेलंच नसतं. साबणाच्या पाण्याने पुसून थोडं रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा खराब थर घासून काढणारी पेस्ट) मारलं की मूळ रंग दिसतो आणि मला तर तो क्षण फार आवडतो! निघणारा एखादा छोटा पार्ट असेल तर तोच पेंटच्या दुकानात न्या, मोबाईलवरच्या फोटोवरून मॅचिंग होत नाही.

रंग मिक्स करून मिळाला की लगेच गाडीला मारू नका. आधी पत्र्याच्या तुकड्यावर तोच प्रायमर, तोच रंग मारून पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग वेगळा दिसतो, मग तुकडा गाडीत ठेवून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघा. बरेचदा शेड बरोबर असते पण चमक चुकते, आतून सगळं ग्लॉस केलं की काचेत रिफ्लेक्शन येतं, म्हणून सॅटिन, म्हणजे कमी चमकीचाच घ्या असं माझं मत.

डॅशबोर्डला पूर्वी पॉलिश मारलं असेल तर सॅंडिंगच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने नीट पुसा, पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंगात खड्डे पडतात. रेक्झिनला मात्र हा रंग चालत नाही, तडकतो, त्याला व्हिनाइलचा लवचिक रंगच लागतो.