कुलाब्याला पायी जायचंय? आधी तिथी बघा

अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो, ओहोटीला चालत गाठता येतो. निघण्याआधी कालनिर्णय काढा. आपल्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की सव्वानऊला ओहोटी. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा.

अष्टमीला ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास येते, म्हणून लोक खूश होतात. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची ओहोटी. पाणी फारसं हटतच नाही आणि गुडघ्यापर्यंत पँट भिजते. मग घोडागाडी बरी. माझं मत विचाराल तर तृतीया ते पंचमी.

ओहोटीच्या तासभर आधी निघा. आत कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराच्या या ठाण्यात गोड्या पाण्याची पुष्करणी आणि गणेश पंचायतन आहे. तट मात्र हात लावून बघा. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेत. फटींत पाणी शिरून लाटेचा जोर तिथेच मोडतो.

ओहोटीची वेळ टळून तास झाला की फोटो आवरा, परत फिरा. पावसाळ्यात हा हिशेब मांडूच नका.