टाकीची मोटर घेताना एचपी नाही, हेड बघा
आपल्याकडे जळगाव-धुळ्याला नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरोघरी हौद अन् धाब्यावर टाकी, पण मोटर घेताना सगळे एकच विचारतात, अर्ध्या एचपीची (एचपी म्हणजे मोटरची ताकद) घेऊ का एकची.

आधी हेड काढा, म्हणजे मोटरला पाणी किती उंच चढवायचंय ते. हौदाच्या तळापासून टाकीत पाणी पडतं तिथपर्यंतची उभी उंची मोजा, तळापासूनच बरं का, उन्हाळ्यात पाणी तिथेच असतं. पाइप आणि एल्बोसाठी वर २० टक्के धरा, म्हणजे १० मीटरचे १२. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासात भरायची तर मिनिटाला साधारण ३३ लिटर लागतात. दुकानात मोटरचा चार्ट मागा, त्यात किती उंचीवर मिनिटाला किती पाणी येतं ते असतं, आणि १२ मीटरवर तेवढं पाणी देणारी सगळ्यात लहान मोटर घ्या.

प्लेटवरचं मॅक्स हेड धरू नका, त्या उंचीवर पाणी पडतच नाही.