संत बेनेडिक्ट यांच्या पदकावरील अक्षरे कशी वाचावीत

सैतानापासून व संकटापासून रक्षण व्हावे म्हणून कॅथलिक भाविक जे संत बेनेडिक्ट (सहाव्या शतकातील इटलीतील मठसंस्थापक) यांचे पदक गळ्यात घालतात किंवा दाराच्या चौकटीवर लावतात, ते वाचायचे असेल तर प्रथम पालथे करावे, कारण प्रार्थना मागच्या बाजूवर कोरलेली आहे. तेथील सुटी रोमन अक्षरे ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत.

क्रुसाभोवतीच्या चार कोपऱ्यांतील सी, एस, पी, बी ही अक्षरे ‘पवित्र पिता बेनेडिक्ट यांचा क्रूस’ असे सांगतात. त्यानंतर उभी दांडी वरून खाली वाचावी : सी, एस, एस, एम, एल, म्हणजे ‘पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो’. आडव्या दांडीवर डावीकडून एन, डी, एस, एम, डी अशी अक्षरे येतात : ‘सर्परूपी सैतान माझा वाटाड्या न होवो’. दोन्ही ओळींतले तिसरे अक्षर एस असल्यामुळे ते मध्यभागी एकदाच कोरतात आणि दोन्ही वेळा वाचतात. हे ध्यानात न आल्यास अक्षरांचा हिशेब जुळत नाही.

शिरोभागी ‘पाक्स’, म्हणजे शांती, हा शब्द असतो. त्याच्या उजवीकडून कडेकडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावे. व्ही, आर, एस, एन, एस, एम, व्ही : ‘सैताना, मागे हो, पोकळ गोष्टींची भुरळ मला घालू नकोस’. पुढे एस, एम, क्यू, एल, आय, व्ही, बी : ‘तू पुढे करतोस ते वाईट आहे, ते विष तूच पी’.

आता पदक सुलटे करावे. संतांच्या उजव्या हातात क्रूस, डाव्या हातात मठवासीयांसाठी लिहिलेली नियमावली, आणि बाजूला पेला व कावळा दिसतात. विष कालवलेल्या पेल्यावर त्यांनी क्रुसाची खूण करताच तो फुटला आणि विषारी भाकरी कावळ्याने दूर नेली, अशी कथा आहे; विषाची ती ओळ याच संदर्भात वाचावी. हा आराखडा संतांच्या जन्माला १४०० वर्षे झाल्यानिमित्त १८८० साली त्यांनीच स्थापलेल्या इटलीतील मोंते कासिनो मठाने काढलेल्या पदकाचा आहे. अक्षरे मात्र त्याहून जुनी आहेत. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील मेटन मठाच्या भिंतींवर ती होती, पण अर्थ विस्मरणात गेला होता. १६४७ मध्ये शोध घेतल्यावर तेथील ग्रंथालयातील १४१५ च्या हस्तलिखितात पूर्ण ओळी सापडल्या.

चर्चच्या शिकवणीनुसार धातूत किंवा अक्षरांत स्वतःची शक्ती नसते. म्हणून पदक धारण करण्यापूर्वी धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्यावे आणि या ओळी प्रार्थना म्हणून, अर्थ समजून म्हणाव्यात.