जुन्या जावाला इंडिकेटर लावण्याआधी

सात रस्त्याला संध्याकाळी उजवीकडे वळायचं म्हणजे उजवा हात बाहेर काढायचा, आणि त्याच हातात ॲक्सिलरेटर अन् पुढचा ब्रेक. काकांची 1968ची जावा मोटारसायकल, इंडिकेटर नसलेली, माझ्याकडे आली तेव्हापासून मी असाच वळत होतो. अंधारात मागच्या रिक्षावाल्याला हात दिसतच नाही, हे एका संध्याकाळी फार जवळून कळलं. त्याच आठवड्यात कामाला लागलो.

दुकानात जायची घाई करू नका, आधी गाडीपाशी बसा. बॅटरी 6 व्होल्टची आहे ना ते बघा. मधल्या काळात कुणी 12 व्होल्टचं रूपांतर केलेलं असू शकतं. बॅटरीची कुठली तार चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, गेलीय, प्लस की मायनस, तेही डोळ्यांनी बघून लिहून ठेवा. मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 6.3 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिनचा वेग जरा वाढवल्यावर आकडा 7च्या पुढे सरकला पाहिजे. सरकत नसेल तर इंडिकेटर बाजूला ठेवा आणि आधी डायनॅमोचे (इंजिनवर फिरून वीज देणारा भाग) कार्बन ब्रश अन् व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर मेकॅनिकला दाखवून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणीही भराभर उडतं, ते डिस्टिल्ड वॉटरने सारखं करा.

बल्ब घेताना हिशेब करा. एका बाजूचे दोन बल्ब 10 वॅटचे धरले तर 20 वॅट, म्हणजे 6 व्होल्टवर साधारण 3.3 अँपिअर. तेच 21 वॅटचे घेतले तर 7 अँपिअर, आणि सिग्नलला थांबलेलं असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. म्हणून मी 10 वॅटवरच थांबलो. दुकानात 12 व्होल्टचे बल्ब पुढे करून 'चालतंय की' म्हणतील, घेऊ नका. ते मिणमिणतात आणि जुन्या पद्धतीचा फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) त्यांच्यावर नीट चालत नाही, कारण त्याच्या आतली पट्टी बल्बच्या करंटनेच तापते आणि त्यातूनच उघडझाप होते. डायनॅमो थकलेला असेल तर 6 व्होल्टचे एलईडी चांगले, पण मग फ्लॅशरही 6 व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक लागतो, आणि त्याचं प्लस-मायनस तुमच्या गाडीच्या अर्थिंगशी, म्हणजे चेसिसला गेलेल्या बाजूशी, जुळलं पाहिजे.

आता अर्थिंग. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मी पहिल्यांदा काम एका कारागिराकडे दिलं होतं. त्याने मागच्या दिव्यांचं अर्थिंग मडगार्डच्या नटावरच सोडलं. रंगाचा थर, खाली गंज, वर आपली धूळ. आठ दिवसांत उजवा मागचा दिवा बंद आणि पुढचा नुसता अडकून पेटलेला. तेव्हा चारही दिव्यांना वेगळी काळी तार द्या, सगळ्या एकत्र आणून चेसिसवर एकाच जागी पॉलिशपेपरने लोखंड उघडं करून थिंबलने (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीने) कसा आणि वर ग्रीस लावा. तार 1 चौरस मिमीची पुरते. डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे रंग घ्या. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत 7.5 अँपिअरचा फ्यूज हवाच. जुन्या वायरिंगला कात्री लावू नका. नवी लाइन स्वतंत्र ओढा आणि बुलेट कनेक्टरने जोडा, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर ती जाईल. साध्या चिकटपट्टीचा गोंद मे महिन्यात वितळून तारा चिकट होतात, त्यामुळे जोडावर उष्णतेने आवळणारी स्लीव घाला.

स्विच हँडलवर क्लॅम्पने बसणारा घ्या, हँडलला भोक पाडू नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, ते बघूनच क्लिपा लावा. फ्लॅशर रबरात लटकवा, जावाचा थरथराट त्याला सोसत नाही. काचा पिवळ्याच.

पायलट दिवा (इंडिकेटर चालू आहे हे चालवणाऱ्याला दाखवणारा छोटा दिवा) एकच असेल आणि तो डाव्या-उजव्या लाइनच्या मध्ये जोडला असेल, तर एलईडी लावल्यावर चारही दिवे एकदम लुकलुकतात. करंट पायलटमधून दुसऱ्या बाजूला जातो म्हणून. त्यासाठी वन-एन-4007चे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लागतात: प्रत्येक लाइनवरून एक पायलटकडे, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थिंगला. अर्थिंग मायनस असेल तर डायोडची पांढरी पट्टी पायलटकडे. पाच-दहा रुपयांचा माल आहे, आधीच आणून ठेवा.

काम सकाळी सुरू करा, बारानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. पकड, टेस्ट लॅम्प, सोल्डर, स्लीव, जादा फ्यूज जवळ असू द्या. सुरुवात बॅटरीची अर्थिंगची तार काढून करा आणि ती सगळ्यात शेवटी जोडा. मग घड्याळ लावून मोजा: मिनिटाला 60 ते 120 उघडझापा हव्यात. हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, इंजिन मंद, अशा अवस्थेतही मोजा. कुठली तार कुठे गेली याचा नकाशा कागदावर काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या बाजूच्या पेटीत ठेवा.