६८५ सेकंदांची प्रदक्षिणा : एनजीसी ६६२४ मधील क्ष-किरण द्वैती ताऱ्याचे निरीक्षण कसे करावे

धनू राशीत, पूर्वाषाढेच्या योगताऱ्यापासून एक अंशाहूनही कमी अंतरावर, एनजीसी ६६२४ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. त्यातील ४यू १८२०–३० या क्ष-किरण स्रोतात एक श्वेत बटू (विझत चाललेला, आकसलेला तारा) न्यूट्रॉन ताऱ्याभोवती (त्याहूनही दाट ताऱ्याच्या अवशेषाभोवती) अवघ्या ६८५ सेकंदांत प्रदक्षिणा घालतो, हे १९८७ मध्ये एक्सोसॅट उपग्रहाच्या नोंदींवरून उघड झाले. लहान दुर्बिणीतून गुच्छ दिसतो, ही जोडी मात्र दिसत नाही. तिच्यासाठी उपग्रहांच्या नोंदीच हव्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या, ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या खुल्या नोंदींपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

सर्वप्रथम प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवून घ्यावी. हा गुच्छ क्रांतिवृत्ताजवळ (सूर्याच्या आकाशातील भासमान मार्गाजवळ) असल्याने, पृथ्वीच्या भ्रमणामुळे त्याच्या किरणांच्या आगमनात दिवसाला आठ सेकंदांपर्यंत आणि सहा महिन्यांत सुमारे हजार सेकंदांचा, म्हणजे एका प्रदक्षिणेहून अधिक, फरक पडतो. उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेमुळे पडणारा फरक पन्नास मिलिसेकंदांहूनही कमी असतो. इथे त्याची चिंता नको.

यानंतर क्ष-किरण स्फोटांचे क्षण वगळावेत. हे स्फोट स्रोत मंद असतानाच होतात, आणि ही तेजस्वितेची चढउतार साधारण १७१ दिवसांच्या चक्राने चालते. मग ६०० ते ८०० सेकंदांमधील अनेक काळ घेऊन नोंदींची घडी घालावी (त्या काळाच्या तुकड्यांत कापून ते तुकडे एकमेकांवर रचावेत) आणि प्रत्येक वेळी काय-वर्ग मूल्य, म्हणजे तेजस्विता स्थिर मानल्यास होणाऱ्या विसंगतीचे माप, तपासावे. प्रदक्षिणेमुळे होणारा चढउतार जेमतेम तीन टक्क्यांचा असल्यामुळे दोन-चार प्रदक्षिणांवर विसंबू नये. पृथ्वी आड आल्याने पडणाऱ्या खंडांमुळे खोटी शिखरेही उमटतात. म्हणून केवळ निरीक्षणाच्या वेळापत्रकाचीही तशीच घडी घालून पाहावी. एका दिवसाच्या नोंदीत शिखराची रुंदी सुमारे पाच सेकंद असते, हे ध्यानात ठेवून काळाचे दशांश छापण्याचा मोह टाळावा.

लॅक्सपीसी चित्र घेत नाही; त्याच्या सुमारे एक अंशाच्या दृष्टिक्षेत्रातील सर्व स्रोतांचे किरण एकत्र मोजले जातात. एम १५ या गुच्छात अवघ्या २.७ विकलांवर दोन तेजस्वी स्रोत आहेत आणि ते चंद्रा या अंतराळातील क्ष-किरण दुर्बिणीनेच वेगळे दाखवले. तिथे ही पद्धत वापरल्यास दोघांची सरमिसळ होईल.

काळ हाती आल्यावर कमाल तेजस्वितेची वेळ, वापरलेल्या कालमापनपद्धतीसह, नोंदवून ठेवावी. साध्या सिद्धान्तानुसार हा काळ वाढायला हवा, प्रत्यक्षात तो घटताना आढळतो, आणि ही घट मोजायला अनेक वर्षांच्या अशाच वेळा लागतात.