कॅज्युअल्टीत लेकरू आलंय आणि सांगितलेली गोष्ट जुळत नाहीये? इंटर्न लोकांसाठी

पेड्सची (बालरोग विभागाची) पोस्टिंग लागली की आपण डोस पाठ करतो, सलाईनचा रेट पाठ करतो, पण पोराला घरात कोणी मारतंय का हे ओळखायला कोणी बसवून शिकवत नाही. फॉरेन्सिकच्या पेपरात शॉर्ट नोट लिहिली की विषय संपला.

पहिलं काम, वय आणि गोष्ट शेजारी ठेवून बघायची. इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे अडीच महिन्यांचं बाळ आलं होतं, मांडी सुजलेली, घरचे म्हणे "पालथं पडलं आन् खाटेवरून खाली आलं". मी तसंच लिहून ऑर्थोला कॉल टाकला. सिस्टरनी केसपेपर बघितला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, अडीच महिन्यांचं लेकरू पालथं पडतं का हो?" कान लाल झाले माझे. एक्सरेत मांडीचं हाड मोडलेलं, आणि मागच्या बाजूला बरगड्यांचे जुने, भरत आलेले फ्रॅक्चर.

तर कपडे पूर्ण काढूनच तपासा, लंगोटसुद्धा. चालत्या पोराच्या नडग्या, गुडघे, कपाळ फुटतच असतं, त्यात काही नाही. पण 4 वर्षांखालच्या पोराच्या धडावर, कानावर, मानेवर काळंनिळं दिसलं किंवा 4 महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही दिसलं तर थांबा. (कंबरेखालचा जन्मापासूनचा निळसर मंगोलियन स्पॉट वेगळा, तो दुखत नाही आणि चार दिवसांत रंगही बदलत नाही. रक्त नीट गोठत नसेल तरी काळंनिळं होतं, म्हणून प्लेटलेट, पीटी या रक्ततपासण्या पाठवा, उगाच कोणावर आळ नको.) चहा सांडला तर भाजल्याचे ओघळ वेडेवाकडे येतात, पण दोन्ही पायांवर मोज्यासारखी सरळ रेघ असेल तर पाय गरम पाण्यात धरून ठेवले होते का हा प्रश्न पडलाच पाहिजे.

पोर बोलणारं असेल तर बाजूला घेऊन "काय झालं रे?" एवढंच विचारा, "काकांनी मारलं का?" असं त्याच्या तोंडात घालू नका, आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा.

हेळसांड ओळखणं अवघड. गरिबी म्हणजे हेळसांड नाही, पण डायबेटिक पोराचं इन्सुलिन हॉस्पिटलमधून फुकट मिळत असून ते परत परत बंद पडत असेल तर विचारा.

सिद्ध करणं आपलं काम नाही, कळवणं आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, आईबाप नको म्हणाले तरी, न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. उपचार मात्र एफआयआरसाठी थांबवायचे नाहीत. मारहाण असेल तरी एमएलसी (मेडिकोलीगल केसची नोंद) करायची, बालकल्याण समितीला कळवायचं. आणि हे एकट्याने करायला जाऊ नका, सीएमओला (कॅज्युअल्टीच्या ड्यूटीवरच्या मेडिकल ऑफिसरला) उठवा, रात्रीचे 3 वाजलेले असले तरी.

घरचे "सही करून नेतो" म्हणायला लागले तर डामाचा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याचा) कागद पुढे सरकवू नका, आधी सिनियरला फोन, मग 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला.