पहिलं घर घेताना आधी कागद, मग सॅम्पल फ्लॅट

घर शोधायला बहुतेक जण रविवारी सकाळी सहकुटुंब निघतात आणि थेट सॅम्पल फ्लॅटमध्ये पोचतात. ओटा आवडतो, खिडकीतून टेकडी दिसते. एकदा जीव गुंतला की कागदातली खोट कुणाला दिसत नाही. आमचंही तेच झालं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला; तो नसेल तर पालिकेचं नळपाणी अडतं), नसताना 'फिट-आउटसाठी', म्हणजे आतल्या फर्निचरच्या कामासाठी, म्हणून किल्ल्या घेतल्या, वास्तुशांत केली आणि पुढची तीन वर्षं टँकरवर काढली. रात्री अकराला टँकर टाकीत रिकामा झाला की अर्धा तास नळाला पाणी. तेवढ्यात पिंप, बादल्या, कळशा सगळं भरून ठेवायचं. हे तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून क्रम उलटा करा.

पहिल्यांदा हिशेब मांडा. पुण्यात ६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. एवढ्या रकमेच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे १२ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार आणि ५ टक्के जीएसटी ३ लाख. साडेसात लाख इथेच वाढले. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. इथे ते ६० हजार होतात. ओसी मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घेतलं तर जीएसटी लागत नाही.

आता हप्ता. ४८ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज: महिन्याला सुमारे ४१,६५० रुपये. शेवटपर्यंत एकूण जवळपास एक कोटी फेडाल. दरवर्षी एक हप्ता जादा भरलात तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. बोनस आला की हे आठवा.

मग महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बसा. घाई करू नका, एक पूर्ण संध्याकाळ द्या. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, किती घरं विकली गेली, हे सगळं तिथे दिसतं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांधकाम परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते बघा. इमारत २२ मजल्यांची सांगतात, परवानगी असते बाराव्यापर्यंत, आणि तुम्हाला दाखवलेला फ्लॅट सतराव्यावर असतो. 'येईल हो परवानगी' एवढ्यावर पैसे देऊ नका.

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज वीस टक्के भरा, भाव सोमवारी वाढतोय' असं कुणी म्हणालं, तर उठून या.

वकील आपला आपण बघा, बिल्डरने सुचवलेला नको. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए (बिगरशेती) आदेश त्याला वाचू द्या. जुना फ्लॅट असेल तर मागच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालं आहे का, हे विचारा.

आता घर बघायला जा, टेप घेऊन. सॅम्पल फ्लॅटमध्ये अनेकदा खोल्यांना दारं लावलेली नसतात आणि पलंग मुद्दाम लहान बनवून घेतलेला असतो, त्यामुळे खोली मोठी वाटते. आपल्या घरातल्या पलंगाचं आणि कपाटाचं माप कागदावर लिहून न्या आणि जमिनीवर टेप धरून बघा. करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. रेरा कार्पेटमध्ये, म्हणजे करारातल्या या क्षेत्रफळात, घरातल्या आतल्या भिंती धरतात, त्यामुळे टेपला थोडं कमीच भरेल. बाल्कनी त्यात येत नाही, पण एजंट ती मिसळून आकडा सांगतो. जुनं घर शक्य तर जुलैत बघा. ओल कुठे येते ते रंगाखाली लपत नाही.

करार आधी घरी आणून शांतपणे वाचा. ताब्याची तारीख, उशीर झाला तर व्याज, पार्किंगचा क्रमांक, तिन्ही लेखी हवं. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

ताबा ओसी हातात आल्यावरच घ्या. पहिल्या पाच वर्षांत स्लॅबला तडा, गळती असं काही निघालं तर ते दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. इंडेक्स टूची, म्हणजे करार नोंदल्याच्या उताऱ्याची, प्रत मिळाली की मिळकतकरावर नाव लावायला अर्ज करा. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज स्वतः भरून द्यावा लागतो.